तिळाच्या शेजारची जागा

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परतले, तेव्हा माझं स्वागत असं कुणी केलं नाही. स्वागत झालं ते माझ्या डाव्या हाताचं.

"आला गं बाई, आला एकदाचा हात!" मिस्त्रीकाका दारातूनच म्हणाले. आमची यंत्रं दुरुस्त करणारे हे गृहस्थ वयानं माझ्या वडिलांएवढे, आणि चेष्टा करायला त्यांना सकाळचा चहाही लागत नाही. "पोरी, बाकीची तू घरी थांबली असतीस तरी चाललं असतं. हात तेवढा पाठवून द्यायचास."

"बाळ कसं आहे ते विचारतात आधी," मी म्हटलं.

"बाळ मजेतच असणार. झोप आमची उडालीय."

नेहमीची थट्टा असेल असं समजून मी पर्स टेबलावर ठेवली. तेवढ्यात धाकटी आली. लॅबमधली सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. माझ्या रजेत माझ्या खुर्चीवर तिला बसवलं होतं. तिनं माझ्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला, पण डोळे आधी हाताकडेच गेले. तेव्हा मला कळलं, थट्टा नाही, काहीतरी बिनसलंय.

हे हाताचं प्रकरण बाहेर कुणाला सांगितलं की लोक हसतात. आमचं काम म्हणजे माणसाच्या कातडीवर उजेड टाकायचा आणि त्यातला किती परत येतो ते मोजायचं. रक्त हिरवा उजेड पिऊन टाकतं, लाल बहुतेक परत पाठवतं. कातडीचा सावळेपणा सगळेच रंग थोडेथोडे खातो. परत आलेल्या उजेडात काय कमी पडलं ते पाहिलं की आत काय चाललंय ते कळतं, तेही सुई न टोचता, काही न कापता. पेनाएवढी एक नळी कातडीवर अलगद टेकवायची, लख्ख चमक होते, पडद्यावर आकडा येतो. नळी दाबायची मात्र नाही. दाबली की खालचं रक्त बाजूला पळतं आणि लाल माणूस फिका दिसतो. भाजून बऱ्या झालेल्या लोकांच्या व्रणांची लाली एका नव्या मलमानं उतरते का, हे आम्ही असं मोजत होतो. मलम लावायच्या आधी एकदा, आणि काही महिने लावल्यावर पुन्हा.

आता यंत्र म्हटलं की त्याची रोज परीक्षा घ्यावी लागते. आधी पांढऱ्या चकतीवर, जिच्यावरून टाकलेला सगळा उजेड परत यायला हवा. पण चकतीनं आमच्या मॅडमचं समाधान होत नाही. "चकतीतून रक्त वाहतं का?" असं त्या विचारतात. म्हणून चकतीनंतर हात. रोज एकाच माणसाचा, एकाच जागी, त्या माणसाला थोडा वेळ शांत बसवून. लॅब सुरू झाली तेव्हा सगळ्यांचे हात तपासले होते, त्यात माझा डावा सर्वांत थंड डोक्याचा निघाला. कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला एक तीळ आहे; त्या तिळाच्या शेजारची नाण्याएवढी जागा. आज लाली तेरा, उद्या तेरा, फार झालं तर साडेतेरा. घरून भांडून आले तरी तेरा. लग्नाच्या आदल्या दिवशी तेरा. "तुझ्या हाताला तुझ्याबद्दल काहीच माहीत नाही," मिस्त्रीकाका म्हणायचे. मला ते आवडायचं. घरीदारी कुठे माझं काही इतकं ठाम नव्हतं.

तर झालं होतं असं. मी रजेवर जाणार त्याच सुमारास यंत्राचा जुना दिवा उडाला. मिस्त्रीकाकांनी नवा बसवला, चकतीवर जुळवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या दिव्याखाली माझा हात ठेवून बघायचा आणि मग मी खुशाल घरी जायचं, असं ठरलं होतं. पण बाळानं तारीख पाळली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात होते आणि हाताची आठवण कुणालाही नव्हती, मला तर नव्हतीच.

म्हणजे पेशंटची मलमाआधीची रीडिंग जुन्या दिव्याची, मी घेतलेली. आणि मलमानंतरची नव्या दिव्याची, धाकटीनं घेतलेली. दोन्ही दिवे सारखंच बोलतात की नाही हे सांगू शकणारी एकच गोष्ट होती, आणि ती घरी लंगोट बदलत होती. रजेच्या काळात धाकटीनं स्वतःचा हात रोज लावून पाहिला होता. तिचा आकडा तसूभर हलला नव्हता. पण तिचा हात जुन्या दिव्याला कधी भेटलाच नव्हता, त्यामुळे त्याची साक्ष अर्धीच. पेशंटच्या चांगल्या कातडीवर तर भरवसाच नाही. कुणी उन्हात राबतं, कुणी भट्टीपुढे उभं असतं.

"बस," मॅडम म्हणाल्या. "पाणी प्यायलीस? जिना पळत चढली नाहीस ना? बस पाच मिनिटं."

मी बसले. धाकटीनं नळी तिळाशेजारी टेकवली. चमक झाली.

सोळा.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

सोळा. मग पावणेसोळा. मग परत सोळा.

धाकटीनं नळी उचलून घेतली. तिच्या कानाच्या पाळ्या अशा लाल झाल्या की यंत्राची गरजच नव्हती.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या रागावत नाहीत, आवाज आणखी खाली आणतात, ते जास्त वाईट. "पुढच्या शुक्रवारी समितीपुढे हे मांडायचंय. नवा दिवा लाली वाढवून दाखवत असेल, तर धाकटीची सगळी रीडिंग बाद. पुन्हा घेता येणार नाहीत. पेशंटची मलमं बंद होऊन किती दिवस झाले. आणि हिची नेमणूक या कामापुरती आहे. काम बाद, तर मी हिला ठेवू कशाच्या जोरावर?"

"पण दिवा कशावरून? कदाचित माझा हातच..."

"तुझा हात वर्षानुवर्षं हलला नाही."

"मॅडम, मधे मला मूल झालं."

"ते मला माहीत आहे. पेढे पोचले होते. पण 'मी बदलले' हा पुरावा होत नाही. ती तक्रार झाली."

बाहेर आले तर धाकटी माझ्या जुन्या खुर्चीवरून उठून उभी राहिली होती, जणू खुर्ची गरम लागत होती. "ताई, तुम्हीच सांगा ना. तुमचाच हात आहे. दिवा की हात?"

"माझाच आहे म्हणून तर कळत नाहीये गं."

आणि खरंच कळत नव्हतं. बाळ झाल्यापासून माझं काय तेच राहिलंय आणि काय बदललंय याचा हिशोब मीच सोडून दिला होता. चपला घट्ट झाल्या होत्या. केस मुठीनं गळत होते. ज्या साबणाचा वास आवडायचा तो सहन होत नव्हता. भर दुपारी कुणाचं तरी बाळ रडलं की माझा ब्लाउज भिजायचा, आणि ते बाळ रस्त्यापलीकडच्या घरातलं असायचं. अशा बाईनं छातीवर हात ठेवून म्हणायचं, की बाकी सगळं बदललं तरी तिळाशेजारची जागा तीच आहे? की उलट म्हणायचं, ती जागाही बदलली? दुसरं म्हटलं तर धाकटी सुटत होती. मग तर मला स्वतःवर आणखीच संशय. खरं आहे म्हणून म्हणतेय, की ती सुटावी म्हणून?

पुढे गोंधळ वाढतच गेला. सकाळी सोळा यायचा हात दुपारी पंधरा दाखवायचा आणि संध्याकाळी निघताना चौदाच्या आसपास यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोळा.

"दिवाच तो," मिस्त्रीकाका मान हलवत म्हणाले. "थंड असताना वेडा असतो, तापला की शहाणा होतो. माझ्या मोठ्या भावाच्या अगदी उलटा."

"पण धाकटीचा हात सकाळ-संध्याकाळ सारखाच येतो की."

"मग तिचा हात मठ्ठ आहे."

"काका!" धाकटी म्हणाली.

"अगं, हातांत मठ्ठ म्हणजे हुशार."

मॅडमनी मला रक्त तपासायला पाठवलं. सगळ्या इमारतीत आम्हीच सुईला नावं ठेवणारे, आणि मी सुई टोचून घेऊन आले. रक्त थोडं कमी निघालं. म्हणजे हात फिका पडायला हवा. वर का चढला?

मग उजवा हात लावून पाहिला. तेरा.

"बघा!" धाकटी जवळजवळ ओरडलीच. "उजवा तेरा आहे. म्हणजे डावाच वाढलाय."

"उजवा आधी किती होता?" मॅडमनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. एकाच हातावर भिस्त ठेवायची असा मॅडमचाच नियम. दोन हात झाले की माणूस सोयीचा निवडतो, म्हणून उजव्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "आधीपासून दहा असेल," मॅडम म्हणाल्या, "आणि दिव्यानं तेरा केला असेल." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

सुट्टीच्या दिवशी मी घरी होते. दुपारची वेळ, सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि आमचा बोका दूध पीत होता. बोका हे काही त्याचं खरं नाव नाही, पण पोट भरल्यावर ज्या तोऱ्यात तो डोळे मिटतो, ते बघून त्याच्या बाबानं ठेवलेलं. माझ्या डाव्या हातावर डोकं, एक मूठ माझ्या गळ्याशी, आणि कपाळावर घाम. दोन्ही बाजूंना प्यायला तो तयार असतो, पण झोपायचं म्हटलं की डावा हातच लागतो. रात्रभर तिथेच, सकाळी मी निघेपर्यंत तिथेच.

"दे इकडे, ढेकर काढते," सासूबाई म्हणाल्या.

मी त्याला उचललं आणि हातावर पाहिलं. तिळाच्या शेजारी कान उमटला होता. पूर्ण कान. वरची गोल कड, आतली वळी, खालची पाळी. मऊ मातीत छाप घ्यावा तसा. भोवती सगळीकडे लाल, ओलसर. मी हात उजेडात धरला. खिडकीतून येणारा उजेड कातडीवर पडत होता आणि परत येत होता, आणि पहिल्यांदा तो काय सांगतोय ते मला वाचता आलं.

"आई, हे रोज असंच असतं?"

"काय?"

"हे लाल."

"मला काय ठाऊक, तुझा हात आहे." त्यांनी वाकून पाहिलं. "तेल लावू का?"

"नको, नको! काही लावू नका!" मी इतक्या जोरात म्हटलं की बोका दचकून रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला. मिस्त्रीकाका मात्र टेबलावर थाप मारून हसले. "दिव्याच्या मागे लागलो आम्ही, आणि चोर पाळण्यात!"

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "गोष्ट छान आहे. पण समितीला मी कान दाखवू? शुक्रवारपर्यंत हा हात मोकळा ठेव. डोकं नाही, घाम नाही, घासणं नाही. रोज सकाळी तुझा हात आणि धाकटीचा हात, एकामागोमाग. तिचा स्थिर राहिला आणि तुझा खाली आला, तर दिवा निर्दोष."

"आणि नाही आला तर?"

मॅडम धाकटीकडे न बघता म्हणाल्या, "तर नाही आला."

घरी येऊन सांगितल्यावर सासूबाईंचा पारा चढला. "ही धाकटी कोण? तुझी बहीण की माझी भाची? तिच्या नोकरीसाठी माझ्या नातवानं जागा सोडायची?"

"चारच दिवस, आई."

"त्याला चार म्हणजे काय ते कळतं का? त्याचं एवढंसं घर ते, तेही खाली करून घेतेस."

त्यांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. मग मी त्यांना धाकटीचं सांगितलं. कुणीही पेशंट आला की ती आधी नळी स्वतःच्या गालाला लावून गार आहे का बघते. एक बेकरीवाला आहे, त्याची मान भाजलेली. तो कुणापुढे कॉलर खाली करत नव्हता. हिच्यापुढे पहिल्यांदा केली. ती सगळी रीडिंग अशी एकेक मिळवलेली आहेत. सासूबाई घडी घालतच राहिल्या. मग एक जुना मऊ रुमाल काढून त्यांनी माझ्या डाव्या हाताला, तिळाच्या बरंच वर, सैल बांधला.

"हे काय?"

"झोपेत विसरशील. हा दिसला की आठवेल." आणि मग, "मी बोलले ते बोललेच आहे. रुमाल बांधला म्हणून मागे घेतलं नाही."

ते दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. उजव्या हातावर घेतलं की बोका मान वळवून डावीकडे शोधायचा. नाक घासायचा, गुरगुरायचा, मग माझ्या तोंडाकडे बघायचा. ते बघणं वाईट. राग असता तर परवडला असता; पण तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. रोजच्या वाटेनं यावं आणि दार जागेवर नसावं, तसा. मी त्याला सांगायचे, "अरे राजा, मी तीच आहे, फक्त बाजू दुसरी." म्हणताना वाटायचं, तीच आहे हे मी कुणाच्या भरवशावर सांगतेय? माझा हातच अजून हो म्हणत नव्हता.

पहिल्या सकाळी पंधरा. धाकटीचा तिच्या जागी. दुसऱ्या सकाळी साडेचौदा. धाकटीचा तिच्या जागी. तिसऱ्या सकाळीही साडेचौदाच. धाकटीनं तीनदा मोजलं.

"अडकला," ती म्हणाली. तिनं नळी पुसून जागेवर ठेवली, एकदम नीट, जणू कुणाला तरी सोपवायची आहे. "ताई, तुम्ही त्याला घ्या आता डाव्यावर. मला रात्री झोप लागत नाही. सारखं वाटतं, तिकडे तो रडत असेल."

"तो रडतोच. तुझ्यामुळे नाही, मुलं रडतातच."

"खरं सांगा."

"तुझ्यामुळे रडतोय," मी म्हटलं. "पण थोडंसंच."

ती हसली आणि मग तिनं डोळे पुसले, की आधी पुसले आणि मग हसली, ते माझ्या लक्षात नाही.

शुक्रवारी सकाळी मी येऊन बसले. पाणी प्याले. शांत बसले. शांत बसणं त्या दिवशी किती अवघड गेलं! चमक झाली.

सव्वातेरा. पुन्हा, तेरा. पुन्हा, तेरा.

धाकटीचा तिच्या जागी.

"आला!" मिस्त्रीकाका म्हणाले. "पोरी, तुझा हात माहेरी परत आला."

धाकटी खुर्चीत बसली आणि तिनं चेहरा ओंजळीत घेतला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या अजून पडद्याकडेच बघत होत्या.

"उतरला ते दिसलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण कशानं उतरला? ते विचारेलच समितीतला कुणीतरी. कदाचित तू या दिवसांत कमी दमलीस, कदाचित हवा थंड होती. चढतो हेही दाखवता आलं तर माझ्या बोलण्यात जीव येईल. मूल आणता येईल का इथे?"

सासूबाई रिक्षा करून आल्या. त्यांनी लॅबकडे, यंत्राकडे आणि मॅडमकडे एकाच नजरेनं पाहिलं, आणि बोक्याला माझ्या ओटीत ठेवलं. "घ्या. आता मोजा काय मोजायचं ते."

मी रुमाल सोडला. बोक्याला डाव्या हातावर घेतलं. आणि त्यानं मान वळवली. उजवीकडे.

मी पुन्हा नीट घेतलं. तो पाठ ताठ करून रडायला लागला. ज्या जागेसाठी त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं, ती जागा आता त्याला नको होती. मी त्याला शिकवलं होतं आणि तो शिकला होता. इतक्या लवकर.

"उजव्यावर घे की," मिस्त्रीकाका कुजबुजले. "उजवाही चढेलच ना?"

"उजव्याला इतिहास नाही," मॅडमनीही कुजबुजून सांगितलं. एका एवढ्याशा जिवाच्या रडण्यानं सगळी लॅब कुजबुजत होती.

मी उठून येरझाऱ्या घालायला लागले. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. धाकटीनं दिवे मंद केले. कुणीतरी फोन वाजू नये म्हणून रिसीव्हर काढून ठेवला. मॅडमनी स्वतःची चप्पल काढली, कारण ती वाजत होती. मी त्याच्या कानात काहीबाही बोलत होते. सॉरी म्हणत होते बहुतेक. तो थकत थकत गेला. हुंदके लांबले. मग एक मोठा उसासा टाकून त्यानं डोकं सोडून दिलं, तिळाशेजारी, सगळ्या भारानिशी.

त्या खोलीत इतकी माणसं इतका वेळ एका बाळाची झोप पिकायची वाट बघत उभी होती, हे आता आठवलं तरी खरं वाटत नाही.

शेवटी सासूबाईंनी त्याला अलगद उचललं. कान उमटला होता. धाकटीनं नळी स्वतःच्या गालाला लावून पाहिली, मग माझ्या हातावर टेकवली.

पंधरा आणि वर थोडं.

मॅडमनी श्वास सोडला. "रीडिंग राहतील," त्या धाकटीला म्हणाल्या. "सगळी. समितीशी मी बोलेन, आणि तुझ्या नेमणुकीचंही आजच बोलते." मग माझ्याकडे वळून, जरा अवघडून, "तुझा प्रश्न उरला. सोमवारपासून काय? याला उजवीकडे सवय झालीच आहे, तर तशीच ठेवलीस तर तुझा हात पुन्हा प्रमाण धरता येईल."

सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं ठाम असलेली माझी एकुलती एक जागा मला परत मिळत होती. माझ्या तोंडून निघालं, "धाकटीचा हात घ्या मॅडम. त्याला आता नवा दिवा ओळखतो."

"विचार करून बोलतेस?"

"नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं.

मिस्त्रीकाकांनी धाकटीच्या हाताला वाकून नमस्कार केला. ती हसता हसता माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, आता मला कुणाच्या प्रेमातसुद्धा पडता येणार नाही, आकडा हलेल." सासूबाई सोडून सगळे हसले.

"झालं ना तुमचं?" सासूबाईंनी विचारलं. "सुटली ना ती पोरगी?"

"सुटली, आई."

"मग तू का रडतेस?"

"मी कुठे रडतेय?" मी गालाला हात लावून पाहिला, तर ओला. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. धाकटी सुटल्याचा आनंद होता, हे नक्की. पण माझ्या लेकराची खूण माझ्या अंगावरून चार दिवसांत पुसली गेली होती आणि मी ती पुसली जावी म्हणून वाट बघत बसले होते, हेही खरंच होतं.

एवढ्या गलबल्यात बोका जागा झाला. सासूबाईंनी त्याला माझ्याकडे दिलं. त्यानं एकदा डावीकडे मान वळवली, एकदा उजवीकडे, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला, कुठे जायचं ते मी सांगावं म्हणून. मलाही माहीत नव्हतं. मी त्याला उभंच धरलं, खांद्यावर, आणि आम्ही दोघं जिना उतरायला लागलो.